रंगाचे तीन हात

मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनी माझ्या मुलीपेक्षा मला जास्त वेळ बघितलं.

नुसतं बघितलं नाही, तर पोहे अर्धे टाकून उठले आणि मला गाडीत घालून घेऊन गेले. एवढी पसंती आमच्या घराण्यात आजवर कुणाला मिळालेली नाही!

कुंभिवलीला हायवेला लागून माझं रंगाचं दुकान आहे. भिंतीचा रंग, लोखंडाचा रंग, लाकडाचं पॉलिश, सगळं मिळतं. दुकानाच्या मागे घर. आणि गेली बरीच वर्षं माझ्या अंगावर कोड आहे. पहिला डाग उजव्या हाताच्या बोटावर उठला, तेव्हा मला वाटलं प्रायमर सांडलाय. आठवडाभर टर्पेंटाइननं घासत होतो! अजूनही नवीन गिऱ्हाईक म्हणतं, "शेठ, हात धुवा, पांढरा लागलाय." मी म्हणतो, "हो, धुतो." किती जणांना सांगत बसणार? आता दोन्ही हातांवर, तोंडाच्या कडेला आणि डाव्या डोळ्याभोवती डाग आहेत. डोळ्याभोवतीचा इतका गोल आहे, की कुणी कंपास ठेवून काढला असावा.

दुखत नाही, खुपत नाही, एकाचं दुसऱ्याला होत नाही. हे डॉक्टरांनी मला सांगितलं, मी बायकोला सांगितलं, बायकोनं गल्लीला सांगितलं. गल्लीनं मान डोलावली आणि आमच्याकडे चहा घ्यायचं बंद केलं.

माझ्या मोठ्या बहिणीलाही हेच होतं. शेवंताअक्का. तिला शाळेत असतानाच डाग उठले. घरात पाहुणे आले की आई तिला मागच्या खोलीत पाठवायची. आई दुष्ट नव्हती, घाबरलेली होती. अक्का आतून मोठ्यानं विचारायची, "गेले का गं? का आजून हायत?" पाहुणे दचकून इकडेतिकडे बघायचे आणि आम्ही पोरं तोंडावर हात धरून हसायचो. तिचं लग्न झालं नाही. गेली तेव्हा ती पायापासून कपाळापर्यंत एकसारखी पांढरी झाली होती. शेवटच्या दिवसांत मला म्हणाली, "बघ रं, आता मी मड्डम झाले. आता बोलव कुनाला तरी बघाया." आम्ही हसलो. 

माझी मुलगी सायली औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. तिच्या अंगावर एक तीळ सोडला तर काही नाही. तिचं पहिलं स्थळ आलं, तेव्हा पाहुण्यांनी माझ्या हातून पाण्याचा पेलासुद्धा घेतला नाही. "आत्ताच पिऊन आलो," म्हणाले. (सगळेच्या सगळे! जणू वाटेत थांबून सामुदायिक पाणी प्यायले होते.) मग मध्यस्थाचा फोन आला. "मुलगी लाखात एक आहे हो. पण वडिलांचं ते… पुढं उतरतं म्हणतात." त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाला मोतिया रंगाऐवजी पोपटी रंगाची बादली कालवून दिली. त्यानं बेडरूम रंगवल्यावर मग ते कळलं.

अशात नेरळचं स्थळ आलं. मुलगा हेमंत, मुंबईत नोकरी. वडील दत्ताराम, सगळे दत्ताभाऊ म्हणतात. भातशेती आहे, भाड्यानं दिलेल्या खोल्या आहेत. दत्ताभाऊंची बायको आदल्या वर्षी वारली होती, म्हणून मुलाची आत्याबाई सगळं बघते. रविवारी दुपारी येतो म्हणाले.

"ह्या वेळी तरी…" माझी बायको सुनंदा म्हणाली आणि तिनं माझ्या हातांकडे बघितलं.

सायली म्हणाली, "पप्पा, त्यांना फोनवर आधीच सांगून टाका. नाहीतर मी सांगते."

"सांगू, सांगू," आम्ही दोघं एका सुरात म्हणालो. (लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. आमचं एवढं एकमत पहिल्यांदाच झालं होतं.)

आणि त्याच आठवड्यात धाकट्या बहिणीचा मुलगा नितेश सुट्टीवर आला. नितेश परदेशी पर्यटकांच्या बोटीवर खोल्या साफ करायच्या कामावर आहे. त्यानं माझ्याकडे बघितलं, थोडा विचार केला आणि बॅगेतून एक बाटली काढली.

"मामा, हे लावा. गोऱ्या लोकांना सावळं व्हायचं असतं ना, ते हे लावतात. उन्हात न बसता अंगाला रंग येतो. तुमचे डाग झाकतील."

माझी आई कोपऱ्यात लसूण सोलत होती. तिचा हात थांबला. "गोऱ्या लोकांना सावळं व्हायचं असतं? का रं? त्यांना काय कमी हाय?"

"त्यांच्यात ती फॅशन आहे आजी. त्याला टॅन म्हणतात."

"अरे, टॅन काढायला बायका पार्लरमध्ये जातात," सुनंदा म्हणाली. "आणि हे विकत घेऊन लावायचं?"

मी बाटली हातात घेतली. दुकानदाराची सवय. पुढे हिरवं पान, फोडलेला नारळ, कोरफड आणि मोठ्या अक्षरांत 'ऑरगॅनिक'. आता या शब्दाशी माझं जुनं वैर आहे. आमच्या पट्ट्यात फार्महाऊसवाले आल्यापासून सगळंच ऑरगॅनिक झालंय. आमच्या ओळखीचा एक जण वाशीच्या मार्केटातून वांगी आणतो, त्यांना ओली माती फासतो आणि शनिवारी रस्त्याच्या कडेला 'सेंद्रिय' अशी पाटी लावून बसतो. मी स्वतः पान छापलेले रंगाचे डबे विकतो. पान डब्यावर असतं, आतल्या रंगाला त्याचा पत्ता नसतो, हे मला माहीत आहे. इतका मी हुशार माणूस!

"नक्की ऑरगॅनिक ना रे?" मी विचारलं.

"एकदम. शिवाय व्हेगन आहे."

"म्हंजे?" आई.

"म्हणजे यात मांसमच्छी काही नाही आजी."

"मंग एकादशीला चालंल," आईनं परवानगी दिली.

बाटलीच्या मागे मुंगीच्या अक्षरांत घटक लिहिले होते. मी चष्मा लावला. पहिलं नाव ॲक्वा.

"हे काय?"

"पाणी, मामा."

"मग पाणी लिहायला काय धाड भरली होती?"

पुढे ग्लिसरीन. त्याच्यापुढे एक नाव होतं, ते वाचता वाचता मध्ये श्वास घ्यावा लागला. "डायहायड्रॉक्सी… ॲसिटोन. अरे, ॲसिटोन? ते तर थिनरमध्ये असतं!"

"ते वेगळं असेल मामा. हे साखरेपासून बनवतात. नेटवर आहे, ऊस, बीट असल्या गोष्टींपासून."

"उसाचं हाय?" आई म्हणाली. "मंग कशाला घाबरतोस रं?"

मी घाबरायचा थांबलो. यादीत कोरफडीच्या नावापुढे एक बारीक चांदणी होती आणि तळाला त्या चांदणीचा खुलासा होता. तो काही मी वाचला नाही. चांदणी दिली आहे म्हणजे काहीतरी चांगलंच असणार, असं समजून मी चष्मा काढून ठेवला. खाली आणखी एक सूचना होती, की आधी मनगटावर थेंबभर लावा आणि एक दिवस थांबा. ती नितेशनं वाचली. मला सांगितली नाही. नंतर विचारलं तर बोटीवरच्या बायका थांबत नाहीत, म्हणाला.

रविवारी सकाळी सायली साडी नेसवून घ्यायला मैत्रिणीकडे खालापूरला गेली आणि आम्ही मोरीत कामाला लागलो.

पहिला हात मारला. पाणचट पांढरं मलम. दोन्ही हातांवर, तोंडावर, मानेवर. नुसत्या डागांवर लावलं तर ठिगळं दिसतील, म्हणून सगळीकडे एकसारखं. पंख्याखाली उभा राहिलो. आरशात बघितलं. काही नाही! डाग जिथल्या तिथे.

"कव्हरिंग नाही याला, खालचं झाकत नाही," मी म्हणालो. "दुसरा हात लागणार."

"मामा, थोडं थांबायचं असतं बहुतेक…"

"तू मला रंगाचं सांगतोस?"

दुसरा हात मारला. पंखा. आरसा. काही नाही. पाहुणे यायला वेळ कमी उरला होता. मी तिसरा हात मारला, सढळ हातानं, बाटली उलटी करून. रंग पिणाऱ्या भिंतीला मारावा तसा.

(हा रंग लावल्या लावल्या दिसत नसतो. तो हळूहळू, पुढच्या पाच-सहा तासांत चढतो आणि रात्रभर चढत राहतो. ही माहितीही बाटलीवर होती. बाटलीवर सगळंच होतं! आम्ही फक्त पान बघितलं.)

थोड्या वेळानं आई ओरडली, "सुनंदे, काय करपलं गं?"

सुनंदा स्वयंपाकघरात धावली. गॅस बंद होता. पोहे भिजत होते. तिनं परत येऊन हवेत हुंगलं, भिंत हुंगली, मग मला हुंगलं.

"अहो, तुम्ही करपताय."

खरंच, अंगाला करपलेल्या बिस्किटांसारखा वास येत होता. आणि आरशात काहीतरी सुरू झालं होतं. डागांवर पिवळसर छटा आली होती. बाकीचं तोंड गडद होत होतं. तासाभरात डाग हळदीचे झाले, मग झेंडूचे. मलम मी उघड्या हातांनीच चोळलं होतं, त्यामुळे तळवे असे दिसत होते, जसे काही मी गाजराच्या हलव्यात कोपरापर्यंत हात घातले होते. मी साबणानं धुतलं. बेसन लावलं. लिंबू चोळलं. नितेशनं भांड्याची घासणी आणून दिली. रंग तसूभर हलला नाही. शेवटी मी दुकानातून टर्पेंटाइनचा डबा आणायला निघालो, तर सुनंदानं शर्ट पकडला.

"अहो, भिंत नाही ती! तोंड आहे!"

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

मला खिडकीकडे पाठ करून बसवलं. उजेड मागून आला की चेहरा कमी दिसतो, ही नितेशची कल्पना. दत्ताभाऊ आले, साधे, अबोल, पांढऱ्या शर्टातले. हेमंत आला. आत्याबाई आल्या, खोलीच्या चार भिंती, छत आणि फरशी बघून मग खुर्चीत बसल्या. मी हात जोडले आणि लगेच काखेत घातले.

बोलणी सुरू झाली. पाऊस, पिकं, नेरळला वाढलेल्या इमारती. आणि माझा रंग चढतच होता! पाणी आलं तेव्हा मी पिवळा होतो. चहापर्यंत नारंगी झालो. आत्याबाई वाक्याच्या मध्येच थांबायच्या, डोळे बारीक करून माझ्याकडे बघायच्या आणि कुठवर आलो होतो ते विसरायच्या. त्यातून डावी पापणी सुजायला लागली. मलमात वासासाठी जे काही घातलं होतं, ते मला मानवलं नव्हतं. अंगाला खाज सुटली. काखेत हात असल्यामुळे खाजवताही येईना.

सायली मैत्रिणीकडून परस्पर मागच्या दारानं घरात आली होती, ती पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं नजर वर केली, मला बघितलं आणि ट्रेमधल्या बशा खडखडायला लागल्या.

"लाजते," आत्याबाई कौतुकानं म्हणाल्या.

दत्ताभाऊ मात्र मुलीकडे बघतच नव्हते. त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"शेठ, भूक लागते का वो हल्ली?"

"नाही… आज काही जात नाही," मी म्हणालो. खरंच होतं ते. सकाळपासून काळजीनं पोटात घास उतरला नव्हता.

"थकल्यासारखं वाटतं?"

"थोडं."

"आन् खाज? अंगाला खाज येते?"

"हो. आत्ता फार येतेय."

त्यांचा चेहरा उतरला.

"दत्ता, आरं पोरगी बघाया आलोय आपन," आत्याबाई म्हणाल्या.

"आक्का, तू हात बघ त्यांचे." ते उठले आणि माझ्याजवळ आले. "शेठ, हात दाखवा."

मी तळवे पुढे केले. दुसरं काय करणार! त्यांनी ते उजेडात धरले.

"हिचं असंच झालं हुतं," ते सायलीकडे, सुनंदाकडे, भिंतीकडे बघत म्हणाले. "माझ्या मंडळीचं. पिवळी पडली. आमी बोललो ऊन लागलं आसंल. बोललो, कावीळ आसंल, उतरंल. गावठी औषधं केली, पथ्य केलं. नेली तवा डॉक्टर बोलले, लिवर गेलं. उशीर केलात." ते मुलाकडे वळले. "हेमंत, गाडी काढ. आत्ताच्या आत्ता."

 हेमंतनं मोबाईल खिशात टाकला आणि किल्ली घेतली. सुनंदानं पदर तोंडात धरला. (त्यांना वाटलं धक्का बसला. तिला हसू का रडू ते ठरत नव्हतं.) आणि माझी आई, जिला मलमाचं सगळं माहीत होतं, ती नेमकी त्याच वेळी विसरली! "माझा पोर! माझा पोर पिवळा झाला रं!" म्हणून तिनं गळा काढला.

मी तोंड उघडलं होतं. खरं सांगतो, उघडलं होतं. पण दत्ताभाऊंनी माझा हात धरला होता. त्या हाताला घराबाहेरच्या माणसानं आपणहून धरून किती वर्षं झाली होती, मला आठवेना. मी तोंड मिटलं.

गाडीत मागे मी मध्ये, एका बाजूला दत्ताभाऊ, दुसऱ्या बाजूला खळ घातलेल्या साडीसारखी ताठ बसलेली सायली. पुढे हेमंत आणि आत्याबाई. सायलीनं एकदा माझा वास घेतला. मग माझ्या कानामागे बघितलं. तिथे मलम पोचलं नव्हतं, तिथली कातडी माझीच होती. तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली, की त्यापेक्षा लिवर गेलेलं बरं.

"घाबरायचं नाय," दत्ताभाऊ वाटभर म्हणत होते. "आपन वेळंवर निघालो. ह्या वेळंला आपन वेळंवर निघालो." माझा हात त्यांनी सोडला नाही. खालापूरपर्यंतचा रस्ता एरवी चुटकीसरशी संपतो. त्या दिवशी संपता संपेना.

खाजगी दवाखान्यात रविवारची एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं मला टेबलावर झोपवलं आणि टॉर्च घेऊन डोळ्यांत बघितलं. मग जीभ. मग परत डोळे.

"कावीळ झाली की आधी डोळे पिवळे होतात," ती म्हणाली. "यांचे डोळे तर पांढरेशुभ्र आहेत. नखांच्या खालीही रंग नाही." तिनं नाक पुढे आणलं. "काका, तुम्ही अंगाला काही लावलंय का?"

दत्ताभाऊ माझ्या उशाशी उभे होते. त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला होता.

"डॉक्टर," सायली म्हणाली. तिनं पर्समधून ती बाटली काढली. निघताना मोरीत दिसली होती, म्हणाली. "सेल्फ टॅनर आहे. यात डीएचए, म्हणजे डायहायड्रॉक्सी ॲसिटोन आहे. यांच्या अंगावर कोड आहे. ते झाकायला लावलंय यांनी. आणि जितकं लावायचं त्याच्या तिप्पट लावलंय."

कपाळावरचा हात निघाला.

मी उठून बसलो. सुजलेल्या पापणीतून मला सगळे अर्धेच दिसत होते. ते बरंच होतं.

"पण ते ऑरगॅनिक आहे," मी म्हणालो. (त्या क्षणी माझ्या तोंडून एवढंच निघालं! माणूस बुडतानाही काय धरेल सांगता येत नाही.)

"पप्पा, इथे या चांदणीचा अर्थ दिलाय. ऑरगॅनिक आहे ती फक्त कोरफड. तीसुद्धा यादीत शेवटून तिसरी, म्हणजे नावापुरती. तुम्हाला रंगवलंय ते या लांब नावानं. ते साखरेपासून बनवतात, पण बनवून झाल्यावर ती साखर राहत नाही. उसाची दारू होते, तिला आपण उसाचा रस म्हणतो का? ते कातडीच्या वरच्या मेलेल्या थराशी मिळतं आणि तिथे रंग तयार होतो. धुऊन जात नाही. तो थर झडेल तेव्हाच जाणार."

"आणि पापणी?" डॉक्टरीण म्हणाली. "ही परफ्यूम, लिमोनीन, लिनालूल ही नावं बघा. संत्र्याच्या सालीत, फुलांत असतात ही. नैसर्गिकच. पण नैसर्गिक म्हणजे सगळ्यांना सोसेलच असं नाही. खाजकुयलीसुद्धा नैसर्गिकच असते काका. तसं हे मलम वाईट नाही. डाग झाकायला काही जण वापरतात. पातळ थर, आधी थोडं लावून बघून. तुम्ही विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं."

घरातच तपासणी विभागातली मुलगी असून मी विचारलं होतं ते बोटीवर खोल्या झाडणाऱ्या भाच्याला. तिला विचारलं असतं तर तिला कळलं असतं, आणि तिला कळू द्यायचं नव्हतं.

आत्याबाई पदर सावरून म्हणाल्या, "म्हंजे सोंग घेऊन बसला हुतात." आणि बाहेर गेल्या. हेमंत त्यांच्या मागे.

दत्ताभाऊ व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. मी जाऊन शेजारी बसलो. त्यांचा पांढरा शर्ट पाठीवर घामानं भिजला होता.

"दत्ताभाऊ, माझं चुकलं. हे डाग बघून पहिलं स्थळ गेलं. माझ्या बहिणीचं तर…" 

"डागांचं काय नाय हो," ते म्हणाले. "मानसाला काय काय व्हतं. आमी काय पारखून घेनारे नव्हतो." त्यांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "पन शेठ, मी गाडीत तिचं सगळं परत बघितलं. शेवटचं सगळं. मी तुमचा हात धरून बसलो हुतो. तुमी एक शब्द बोलला असता तर?"

मी माझे नारंगी तळवे परत काखेत घातले. 

डॉक्टरीणबाईंनी खाजेची गोळी दिली. आम्ही बापलेक रिक्षानं घरी आलो. वाटेत मी म्हणालो, "सायले, काहीतरी बोल गं."

"तुम्ही मला लपवलं असतं का पप्पा?" ती म्हणाली. "मला डाग उठले असते तर? मागच्या खोलीत?"

"नाही गं. कधीच नाही."

"मग स्वतःला का लपवलंत?"

रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता. मी तोंड फिरवलं. दोन्हीकडे रस्ताच होता.

नेरळहून आत्याबाईंचा फोन आला, योग नाही म्हणून. सायली म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. मी त्यांच्या जागी असते तर मीही नाही म्हटलं असतं." आणि आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. आईनं देवापुढे साखर ठेवली, पोराची कावीळ उतरावी म्हणून. तिला कितीदा समजावलं, पण तिच्या हिशेबी मला कावीळच झाली होती आणि ती साखरेनंच उतरली!

रंग उतरला तो भिंतीचा पोपडा सुटावा तसा. आधी गाल, मग हनुवटी. नाकाचा शेंडा शेवटपर्यंत नारंगी. तळवे तर कितीतरी दिवस. गिऱ्हाईक विचारायचं, "शेठ, काय झालं?" मी म्हणायचो, "नवीन शेड आलाय."

भाताची कापणी झाल्यावर दत्ताभाऊ एकटेच दुकानात आले. मी गल्ल्यावरून उठून उभा राहिलो. माझे डाग तोवर पूर्ववत पांढरे झाले होते. त्यांनी ते नीट बघितले, एकदा उजवा हात, एकदा डावा, आणि म्हणाले, "आता कसं बरं दिसतंय." त्यांना बायकोच्या खोलीला रंग द्यायचा होता. वर्षभर ती खोली त्यांनी उघडली नव्हती. फिकट निळा घेतला. चहा मागवला, तो त्यांनी माझ्या हातून घेतला आणि सावकाश प्यायले. हेमंतचं दुसरीकडे जमलं होतं. तो विषय आम्ही काढला नाही.

सायलीचं अजून जमलेलं नाही. आता मी पाहुण्यांना फोनवरच सांगून टाकतो, "मला कोड आहे, या." निम्मे येत नाहीत. येतात ते पोटभर पोहे खातात. पूर्वी उरायचे.

फक्त एक गोष्ट तेवढी सांगायची राहून गेली. रंग भर जोरात होता त्या दिवसांत फार्महाऊसची एक बाई गाडीतून उतरून दुकानात आली होती. तिनं शेडकार्डाची पानं उलटली, नाक मुरडलं, मग वर बघितलं आणि तिचे डोळे लकाकले.

"भैया, मला कंपाउंड वॉलला एक्झॅक्ट हा कलर पाहिजे. नॅचरल, अर्दी, मातीसारखा!" आणि तिनं थेट माझ्या गालाकडे बोट दाखवलं.

धंदा तो धंदा. मी मशीनपाशी आरसा घेऊन बसलो, स्वतःच्या तोंडाशी ताडून ताडून रंग कालवला आणि बादल्या टेंपोत चढवून दिल्या. माझ्या तोंडावर तो रंग पंधरवडाही टिकला नाही. तिच्या भिंतीवर मात्र दोन पावसाळे झाले, जराही उडालेला नाही. कर्जतला जाताना रस्त्यावरूनच दिसते ती भिंत, चांगली लांबलचक आहे. बाईकवर मागे बसलेली सुनंदा दर वेळी माझ्या खांद्यावर टिचकी मारते आणि म्हणते, "ते बघा, तुम्ही!"